एक इंच माया

घरी आली की थोरली मावशी आधी बेसिनच्या नळाला हात लावायची. मग चपला, मग पिशवी, मग दिवा. नळाला बोट लागताच टिक् असा बारीक आवाज यायचा. कधी अंधारात ठिणगीही दिसायची. "गेली एकदाची," असं म्हणून ती खुर्चीत बसायची आणि बराच वेळ काहीच करायची नाही.

ती पडद्यांच्या कारखान्यात कापड कापायची. पॉलिस्टरचे तागे लांब टेबलावर ओढायचे, हाताने सरळ करायचे, माप टाकायचं, कापायचं. संध्याकाळपर्यंत त्या कापडाची सगळी वीज तिच्या अंगात भरलेली असायची. केस उभे राहायचे, कपडे पायांना चिकटायचे, दाराची कडीसुद्धा झटका द्यायची. कारखान्यात तिला वीजबाई म्हणत. चहाचा कप तिच्या हातात कोणी देत नसे, टेबलावर ठेवत आणि वर म्हणत, "बिल पाठवू नका हं."

तिथल्या मास्तरांनी पहिल्या दिवशी तिला एक गोष्ट शिकवली होती. पडद्याच्या कडा दुमडायला जे जादा कापड सोडतात त्याला शिवणकामात माया म्हणतात. मास्तर म्हणाले, कागदावर माप लिहायचं ते माया धरूनच लिहायचं, म्हणजे कापताना वेगळा हिशेब नको. "डोकं दमतं, कागद दमत नाही." सव्वीस वर्षं ती तसंच लिहीत आली आणि त्या सव्वीस वर्षांत तिचा एकही पडदा आखूड झाला नाही.

राहायला तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत आणि तिला लागून असलेल्या स्वयंपाकघरात. लिफ्ट बंद पडली होती ती पडलीच होती. दुसऱ्या मजल्यावर मावशी थांबायची, गुडघ्यावर हात ठेवायची, आणि कोणी येताना दिसलं तर किल्ली शोधत असल्यासारखी पिशवीत बघायची. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. सख्खी बहीण एकच, म्हणजे माझी आई, आणि त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

हे आजी गेली तेव्हापासूनचं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं की आता यंत्र चालू ठेवण्यात अर्थ नाही, आणि आईने सही केली. मावशी तेव्हा बसमध्ये होती, तासाभराच्या अंतरावर. ती पोचली तेव्हा पलंग रिकामा होता. जिन्यात उभं राहून ती आईला म्हणाली, "तासभर थांबायला काय जात होतं गं तुझं?" आई म्हणाली, "तू आयुष्यात कधी वेळेवर आलीस?" एवढंच. त्यानंतर दोघी गप्प. गप्प बसण्याच्या बाबतीत दोघी आजीवर गेल्या होत्या.

पुढे मी मावशीच्या शहरात शिकायला आले आणि दर शनिवारी-रविवारी तिच्याकडे जाऊ लागले. कारखान्याने टाकून दिलेला एक कॉम्प्युटर तिने घरी आणून ठेवला होता. कंटाळा घालवायला म्हणून मी त्यावर तिला शेतीचा एक खेळ लावून दिला. आमच्या घरी आईलाही तोच लावून दिला, आणि खोडी म्हणून दोघींना शेजारशेजारची जमीन घेऊन दिली. मध्ये फक्त एक बांध. नावं लिहिली, थोरली आणि धाकटी. मला वाटलं होतं, आठवडाभरात एक जण तरी उठून जाईल.

कोणीच उठलं नाही. मावशी कामावरून यायची, नळाला हात लावायची, चहा घ्यायची आणि शेतावर जायची. आधी आपल्या कोबीला पाणी. मग बांधावरून पलीकडे बघायचं. पलीकडची माती कोरडी असली तर तिथेही एक फेरी. आई सकाळी उठून तेच करायची. निरोप लिहायला खाली एक चौकट होती. तिच्यात दोघींनी कधी एक अक्षर लिहिलं नाही. आई मला फोनवर सांगायची, "शेजारणीने माझ्या मक्याला पाणी घातलंय." मावशी म्हणायची, "पलीकडच्या बाईचे टोमॅटो पिकलेत, काढत का नाही कोण जाणे." नाव कोणीच घ्यायचं नाही. अशी पाच वर्षं गेली.

मग एक दिवस खेळ उघडल्यावर नोटीस आली. जुना खेळ बंद होणार. नवा खेळ येणार, तो जास्त खरा दिसेल, पण त्याला ग्राफिक्स कार्ड असलेला कॉम्प्युटर लागेल. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत जे नव्या खेळात येणार नाहीत त्यांची जमीन दुसऱ्या कोणाला दिली जाईल.

मावशीने मला ते दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे तिच्या शेजारी दुसरं कोणी येणार?"

"हो."

"कोण?"

"कोणीही. जगातलं कोणीही."

ती उठून भांडी घासायला लागली. आईचा प्रश्न नव्हता, दादाने घरी नवा कॉम्प्युटर घेतलाच होता. मावशीचा टाकाऊ डबा जुना खेळसुद्धा कण्हत कण्हत चालवायचा. भांडी विसळून झाल्यावर ती हात पुसत म्हणाली, "तयार घेतला तर महाग पडतो ना? मग सुटं सामान घेऊन जोडता येतो का?" पाठीसाठी नवी गादी घ्यायची म्हणून तिने बोनसचं पाकीट बाजूला ठेवलं होतं. ते तिने कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. "यात बसवायचं. याच्या बाहेर एक चिंधी नाही."

"आणि गादी?"

"गादी काय, झोप आली तर ना." मग म्हणाली, "तिला सांगू नकोस. झालं तर झालं."

जुन्या-नव्या सुट्या भागांचं एक दुकान बाजाराच्या मागे, एका इमारतीच्या तळघरात होतं. दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणत, कारण कुठलाही पंखा विकायच्या आधी तो चालू करून कानाशी धरायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने मावशीला स्टूल दिलं. ती इतकी दमलेली दिसत होती की आधी पाणीही दिलं.

"बोला बाई. काय खेळतो तुमचा मुलगा?"

"मुलगा नाही. मीच खेळते."

"तुम्ही?" त्याने माझ्याकडे बघितलं. "गोळीबाराचं का रेसिंगचं?"

"कोबीचं," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी पंखा खाली ठेवला. मग एकेक भाग काउंटरवर मांडून तिला समजावला. हा प्रोसेसर, विचार करणारा. ही मेमरी, समोरचं लक्षात ठेवणारी. हे ग्राफिक्स कार्ड, चित्र काढणारं, सगळ्यात महाग तेच. हा मदरबोर्ड, सगळे यावर बसतात. "आणि हा पॉवर सप्लाय, वीज वाटणारा. याच्यात आपण पैसे वाचवू. आतला डबा, कोणाला दिसतोय?"

मावशीने तो डबा हातात घेऊन वजन बघितलं. "सगळे याच्यावरच लटकणार ना?"

"तसं म्हणा."

"मग हा दांडा झाला. पडदा हलका घेतला तर चालतं, डॉक्टर. दांडा हलका घेतला की एक दिवस सगळं अंगावर येतं. हा नवा द्या, चांगला द्या. बाकीच्यात काटछाट करू."

डॉक्टरांनी फळीवरून एक नवा, जड डबा काढून तिच्यापुढे ठेवला. "वीस वर्षं मी हेच सांगतोय पोरांना. एक जण ऐकत नाही. सगळ्यांना लायटिंग पाहिजे."

त्यानंतरचे तीन शनिवार आम्ही त्या तळघरात काढले. मावशी अर्धा दिवस कारखान्यात उभी राहून यायची, पाय सुजलेले असायचे. स्टुलावर बसून ती चपलांतून टाचा बाहेर काढायची आणि म्हणायची, "हां, आता सांगा, आज काय स्वस्त झालं?" प्रोसेसर दोन पिढ्या जुना घेतला. कोबीला किती विचार लागतो, असं तिचं म्हणणं. मदरबोर्ड वापरलेला घेतला, त्याची एक कड जरा पिवळी पडली होती. मेमरीवर दोघांची हुज्जत झाली. ती म्हणाली, "अर्धीच द्या, मी एका वेळी एकच काम करते." डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कराल हो, कॉम्प्युटर नाही करत." ती हरली आणि पूर्ण मेमरी घेतली. साठवणीला लहानशी नवी डिस्क, पोस्टकार्डापेक्षा छोटी.

कॅबिनेटचा प्रश्न आला तेव्हा डॉक्टरांनी एक काचेचं दाखवलं. आत लाल-निळे दिवे फिरत होते.

"हे बंद करता येतात?"

"बंद कशाला? पैसे त्याचेच तर आहेत."

"मग नको. दिवसभर ट्यूबलाइटखाली असते मी. घरी तरी डोळ्यांना गप्प बसू दे." तिने विचारलं, "माझा जुना डबा नाही का चालणार?"

जुना चालेल, डॉक्टर म्हणाले, पण कार्ड आत मावलं पाहिजे. मागच्या पट्टीपासून पुढच्या डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत जागा किती, ते मोजून आणा. "अचूक आणा बाई. दुकानाबाहेर गेलेलं जुनं कार्ड मी परत घेत नाही."

"मापात मी चुकत नाही," मावशी म्हणाली. आपली उंची किंवा वय सांगावं तसं म्हणाली, त्यात बढाई नव्हती.

पुढच्या शनिवारी तिने गळ्यातल्या टेपला लावलेली चिठ्ठी काढून दिली. साडेदहा इंच. डॉक्टरांनी मागच्या फळीवरून दोन पंख्यांचं एक कार्ड काढलं, सव्वादहा इंचाचं. पंखे कानाशी धरून ऐकले. "छातीत घरघर नाही," म्हणाले. पाकीट तिथे रिकामं झालं.

जोडायला ते स्वतःच आले. कोबी बघायचाय, म्हणाले. पहिली तारीख बुधवारी होती आणि तो शनिवार होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना कॉम्प्युटर उघडून आतलं सगळं आम्ही काढून टाकलं. मावशी नुकतीच कारखान्यातून आली होती. ती मेमरीला हात लावायला गेली तसे डॉक्टर ओरडलेच, "अहो, थांबा! अंगात वीज असते, एका झटक्यात मरेल ती. आधी एखाद्या धातूला हात लावा."

"नळ चालेल?"

"नळ उत्तम."

"नळाचं झालंय माझं, आल्या आल्या," ती म्हणाली. तरी परत जाऊन लावून आली.

बोर्ड बसला, प्रोसेसर बसला, पंखा बसला. तिच्या नव्या दांड्याच्या तारा डॉक्टरांनी नीट वळवून बांधल्या. शेवटी कार्ड. ते मागून आत गेलं, खाली झुकलं, आणि पुढे पिंजऱ्याच्या पत्र्याला टेकून थांबलं. डॉक्टरांनी तिरकं करून बघितलं, उलट्या बाजूने बघितलं. मग तिचीच टेप घेऊन मोजलं.

"बाई, इथे साडेनऊ आहे."

"साडेनऊच आहे."

"तुम्ही साडेदहा लिहिलंय." त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली.

मावशीने चिठ्ठी हातात घेतली. अक्षर तिचंच होतं. आकड्यावर बोट ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "मी माया धरून लिहिलं."

"म्हणजे?"

"एक इंच जास्त. दुमडायला."

डॉक्टरांनी पिंजऱ्याच्या पत्र्यावर बोट वाजवलं. "पत्रा कुठे दुमडायचा, बाई?"

मावशी खुर्चीत बसली, आणि खुर्चीसुद्धा तिला जरा उंच असल्यासारखी दिसली. टेबलावर जुना कॉम्प्युटर सुटा होऊन पडला होता, म्हणजे तोही गेला होता. डॉक्टर बिचारे म्हणाले, तुमच्यासाठी नियम मोडतो, कार्ड परत घेतो. पण लहान कार्ड आत्ता नाही, आठवड्याने येईल.

"आठवड्याने जमीन दुसऱ्याची होईल," मावशी म्हणाली. मग थोड्या वेळाने, आमच्यापैकी कोणालाच नाही, "तासाभराने नाही, तर इंचाने."

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. मी जिन्यात जाऊन घेतला.

"शेजारीण आज फिरकलीच नाही."

"हो का?"

"तू जातेस ना तिकडे?"

"जाते."

"बरं आहे ना सगळं?"

"दमते खूप."

"ती लहानपणापासून दमते," आई म्हणाली आणि फोन ठेवला. पाच वर्षांत तिने मावशीबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. मी खरं सांगितलं नाही, कारण सांगायचं नाही असं ठरलं होतं.

मी वर आले तेव्हा मावशी टॉर्च घेऊन कॅबिनेटमध्ये वाकली होती. "हा पिंजरा कशासाठी असतो?"

"जुन्या मोठ्या डिस्कसाठी," डॉक्टर म्हणाले. "तुमची तर एवढीशी आहे."

"मग हा रिकामाच राहणार?"

"राहणार. पण स्क्रू नाहीत हो त्याला, रिव्हेट आहेत. काढता येत नाही."

मावशीने तोवर फोन उचलला होता. कारखान्याच्या पडद्यांचे दांडे घरोघरी जाऊन बसवणारा एक जण होता, त्याला सगळे दांडेवाला म्हणत. तो रविवारी सकाळी ड्रिल घेऊन आला.

"कुठला दांडा, ताई?"

"दांडा नाही. पिंजरा पाडायचाय."

"पक्षी कुठाय?"

"पक्षी दमलाय. तू पाड आधी."

बोर्ड आणि बाकीचं सगळं परत बाहेर काढून ठेवलं. दांडेवाल्याने एकेक रिव्हेट ड्रिलने फोडला. सहाव्या रिव्हेटला पिंजरा हलला आणि दुधाचा दात यावा तसा हातात आला. आत पत्र्याचा कीस पडला होता. त्यातला एक कण जरी बोर्डवर राहिला तर सगळं जळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशीने पिशवीतून आपलं लोहचुंबक काढलं. कारखान्यात जमिनीवर सांडलेल्या टाचण्या ती त्याने गोळा करायची. रिकाम्या कॅबिनेटचा कोपरा न् कोपरा तिने त्या चुंबकाने पुसून घेतला, मग ओल्या फडक्याने, मग कोरड्या. लहान डिस्कला आता बसायला जागा नव्हती. ती तिने पडद्याला लावायच्या वेल्क्रोच्या पट्टीने आतल्या भिंतीला चिकटवली. दुपारी डॉक्टर आले, त्यांनी ती पट्टी ओढून बघितली आणि कार्ड उचललं.

कार्ड आत गेलं. पुढे चार बोटं जागा उरली.

संध्याकाळी नवा खेळ उघडला. गवत हलत होतं, मातीला पोत होता, ढगांची सावली शेतावरून सरकत होती. डॉक्टर म्हणाले, "वा!" मावशी बांध शोधत होती. तो सापडला तशी ती थांबली. तिच्या स्वतःच्या शेतातली माती काळीभोर, ओली होती. कोबीच्या एका ओळीत तर पाणी साचलं होतं आणि मुळं कुजली होती.

"किती ओतलंय!" ती म्हणाली. "लहानपणापासून हिच्या हाताला अंदाज म्हणून नाही." आणि कुजलेली रोपं एकेक करून काढायला बसली. तिचा चेहरा पडद्याच्या उजेडात होता. मी तिकडे फार वेळ बघितलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं ते चाललं. दांडा चांगला निघाला. कार्डाचे पंखे उन्हाळ्यात जरा घरघरायचे, तेव्हा डॉक्टर येऊन ऐकून जायचे आणि चहा घ्यायचे. काढलेला पिंजरा मावशीने फेकला नाही, त्यात रिळं ठेवली. गादी राहिलीच. निरोपाची चौकट दोघींनी रिकामीच ठेवली. बोलायचं झालं असतं तर त्यासाठी कॉम्प्युटर लागलाच नसता, हे दोघींना माहीत होतं आणि मलाही.

मग या वर्षी मी घरून निघताना आई म्हणाली, "पुढच्या खोलीत फार ऊन येतं. पडदे शिवायचेत. बाहेरचे शिंपी नीट शिवत नाहीत." आणि एक चिठ्ठी माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सारली. तिच्यावर खिडकीचं माप होतं, बाकी काही नाही. कोणाला द्यायची ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तो गुरुवार होता. शनिवारी दुपारी काम सुटल्यावर मावशी कारखान्याच्या पायरीवर बसली, गळ्यात टेप तशीच. दमली असेल म्हणून सगळे बाजूने गेले. मास्तर दार लावायला आले तेव्हा त्यांना कळलं की ती गेली.

पण गुरुवारी मी शनिवारपर्यंत थांबले नव्हते, बसमधूनच तिला फोन केला होता. मागे शिलाई मशिनींचा आवाज येत होता. मी म्हटलं, आईने खिडकीचं माप दिलंय, आणि चिठ्ठी वाचून दाखवली. रुंदी, उंची. पलीकडे मशिनी चालत राहिल्या. मग कागद फाडल्याचा आवाज आला.

"लिहून घेतलं," मावशी म्हणाली. "तिला विचार, हे माया धरून आहे की माया सोडून?"